फ्लॉरेन्सला स्वतःचं स्वतः जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा एक दुपार येते. टेकडीवरून शहर बघा, कॅथेड्रलसमोर फोटो काढा, जेलातो खा आणि बसमध्ये बसा. ज्यांना हे शहर नीट बघायचं आहे आणि जे तिकिटं, हॉटेल, रेल्वे सगळं स्वतः बुक करणार आहेत, त्यांच्याकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

किती दिवस ठेवावेत?

किमान तीन रात्री. चार मिळाल्या तर उत्तम. जुनं शहर आकाराने लहान आहे. सान्ता मारिया नोवेल्ला स्टेशनापासून कॅथेड्रल पायी दहा मिनिटांवर, तिथून नदी आणखी दहा मिनिटांवर. त्यामुळे "दीड दिवसात सगळं होईल" असं नकाशा बघून वाटतं. चालणं होतंही, पण डोकं भरून जातं. इथल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७९ मध्ये कलाकृती बघून चक्कर, धडधड होणाऱ्या पर्यटकांच्या त्रासाला 'स्तांदाल सिंड्रोम' असं नावच दिलं. तुम्हाला तेवढं काही होणार नाही, पण तिसऱ्या संग्रहालयात सगळ्या मेरीमाता सारख्या दिसायला लागतात हे मात्र खरं.

म्हणून एकच नियम पाळा: दिवसाला एकच मोठं तिकीट. सकाळी ते उरकायचं, दुपारी जेवून पाठ टेकायची, संध्याकाळी नुसतं भटकायचं. उफीत्सी आणि अकादेमिया ही दोन कलासंग्रहालयं आणि कॅथेड्रलचा घुमट एका दिवसात कोंबणारी वेळापत्रकं इंटरनेटवर भरपूर आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांचं नशीब चांगलं: हवा छान असते, फक्त गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही चढे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर जातो. शहर डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात असल्यामुळे वारा अडतो आणि दगडी भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या राहतात. विदर्भातल्या माणसाला यात नवीन काही नाही, पण इथे दुपारभर रस्त्यावर चालायचं असतं. १५ ऑगस्टच्या आसपास स्थानिक लोक सुट्टीवर जातात आणि बरीच छोटी दुकानं, खानावळी बंद असतात.

दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर छत्री न्या. नोव्हेंबर इथला पावसाचा महिना. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीला आलेल्या पुराने हजारो ग्रंथ आणि चित्रं चिखलात गेली. अनेक भिंतींवर पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याच्या पाट्या लावलेल्या दिसतील. काही तुमच्या डोक्याच्या बऱ्याच वर असतील.

ईस्टरच्या रविवारी कॅथेड्रलसमोर फटाक्यांनी भरलेला लाकडी रथ उडवतात आणि २४ जूनला ग्रामदैवताचा म्हणावा तसा संत जॉनचा उत्सव असतो. दोन्ही बघण्यासारखे, मात्र हॉटेल कित्येक महिने आधी धरायला हवं.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासात सर्वाधिक रात्री इटलीत असतील तर इटलीकडेच अर्ज करायचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणंच अवघड असतं, त्यामुळे तिकडे आधी लक्ष द्या. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनाही हा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटनचा व्हिसा इथे चालत नाही.

मुंबई-पुण्याहून पोचायचं कसं?

भारतातून फ्लॉरेन्सला थेट विमान नाही. दोन रस्ते आहेत. एक, युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलून फ्लॉरेन्सच्या छोट्या विमानतळावर उतरायचं. तिथून ट्राम थेट शहरात येते. टॅक्सीची गरज नाही. दोन, रोम किंवा मिलानला उतरून रेल्वेने यायचं. रोमहून वेगवान गाडी साधारण दीड तास घेते, मिलानहून दोन तासांच्या आत, बोलोन्याहून पाऊण तासही लागत नाही. माझं मत दुसऱ्या रस्त्याला. फ्लॉरेन्सची धावपट्टी आखूड आहे, वारा असला की विमानं दुसरीकडे वळवतात.

वेगवान गाड्या दोन कंपन्यांच्या: सरकारी फ्रेच्यारोसा आणि खासगी इतालो. आधी काढलं तर तिकीट निम्म्याहून स्वस्त पडतं. प्रादेशिक गाड्यांचे दर ठरलेले असतात, त्यांचं आधी काढून काही वाचत नाही. त्यांचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं. विसरलात तर तिकीट खिशात असूनही दंड.

तिकिटावर स्टेशनाचं नाव वाचा. फिरेंझे (म्हणजे इटालियनमध्ये फ्लॉरेन्स) सान्ता मारिया नोवेल्ला हे मध्यवर्ती. काही गाड्या कांपो दी मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबतात, ती स्टेशनं बाजूला आहेत.

राहायचं कुठे?

पहिल्यांदा जात असाल तर कॅथेड्रल आणि नदीच्या मधला भाग सोयीचा, पण आवाजाचा. नदीपलीकडचा ओल्त्रार्नो मला जास्त आवडतो. तिथे अजून चौकटी बनवणारे, लाकूड तासणारे कारागीर दुकान उघडून बसलेले दिसतात, आणि सान्तो स्पिरितो चौकात संध्याकाळी माणसं गप्पा मारताना दिसतात. सान्ताम्ब्रोज्यो मंडईच्या बाजूलाही चांगलं.

खोली घेताना लिफ्ट आहे का ते विचारा. जुन्या इमारतींत "दुसरा मजला" म्हणजे आपले तीन-चार जिने चढणं असू शकतं. रस्ते दगडी फरशीचे आहेत, मोठ्या चाकाच्या बॅगेचाही खडखडाट होतो. पर्यटक कर माणशी, दर रात्री, हॉटेलच्या दर्जानुसार वेगळा भरावा लागतो. तो ऑनलाइन भाड्यात बहुधा धरलेला नसतो. आणि हो, बाथरूममध्ये बिदे, म्हणजे धुण्यासाठी नळ असलेलं बसकं भांडं, असतो. १९७५ पासून इटलीत घरांच्या बाथरूममध्ये तो असणं नियमानेच बंधनकारक आहे. युरोपात टॉयलेट पेपरने वैतागलेल्या भारतीयाला इटली इथेच जिंकते.

गाडी भाड्याने घ्यावी का?

शहरासाठी नको. जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही, वेशीवर कॅमेरे आहेत आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. आसपासच्या तोस्काना (टस्कनी) प्रांतातली खेडी बघायची असतील तर शहर सोडताना गाडी घ्या.

कोणती तिकिटं आधी काढावी लागतात?

तीन: उफीत्सी, अकादेमिया आणि ब्रुनेलेस्कीने बांधलेला कॅथेड्रलचा घुमट. बाकीचं ऐनवेळी चालतं.

घुमटाचं सर्वांत आधी बघा, कारण त्याला ठरावीक वेळेचीच जागा मिळते आणि ती पटकन संपते. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वाट अरुंद, मध्येच मागे फिरायची सोय नाही. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत घुसमटत असेल तर नाद सोडा. चढणाऱ्याला मात्र घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन कवचांच्या मधून जाता येतं, आणि तिथे कळतं की १४२० ते १४३६ च्या काळात खालून लाकडी आधार न उभारता ही विटांची टोपी कशी रचली. विटा सरळ थरात नाहीत, माशाच्या काट्यासारख्या तिरक्या बसवल्या आहेत, म्हणजे चुना ओला असतानाही त्या घसरत नाहीत. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या. तिथून एक फायदा: फोटोत घुमट येतो.

घुमटाच्या पासमध्ये मनोरा, बाप्तिस्त्री (बाप्तिस्म्यासाठीची समोरची वास्तू), तळघरातलं जुनं चर्च आणि कॅथेड्रलचं संग्रहालय हे सगळं येतं, आणि तो तीन दिवस चालतो. या संग्रहालयाकडे लोक दुर्लक्ष करतात, त्यामुळे ते निवांत असतं. बाप्तिस्त्रीसाठी गिबेर्तीने घडवलेले मूळ सोनेरी दरवाजे इथेच आहेत. बाहेर ज्यांच्यासमोर सगळे फोटो काढतात त्या प्रतिकृती. मायकेलअँजेलोने म्हातारपणी स्वतःच्या थडग्यासाठी घडवायला घेतलेली आणि रागाने फोडलेली पिएता, म्हणजे मृत येशूचं शिल्प, तेही इथेच. कॅथेड्रलमध्ये प्रवेश फुकट आहे, फक्त रविवारी प्रार्थनेमुळे पर्यटकांना आत सोडत नाहीत.

उफीत्सीचं तिकीट २५ युरोंच्या आसपास, आगाऊ बुकिंगचे ४ युरो वेगळे. सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्या मुलांना, कुठल्याही देशाची असोत, प्रवेश मोफत आहे. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोध घेतला की आधी दलालांची पानं दिसतात; हुबेहूब वाटतात आणि दीडपट घेतात.

सोमवार मध्ये आला तर?

उफीत्सी, अकादेमिया आणि पित्ती राजवाडा, तिन्ही सोमवारी बंद. तो दिवस घुमट, चर्चं आणि नदीपलीकडच्या टेकडीला द्या. महिन्याचा पहिला रविवार सरकारी संग्रहालयांत फुकट असतो. रांग बघितली की पैसे भरून आदल्या दिवशी गेलो असतो तर बरं, असं वाटतं.

चित्रकलेतलं काही कळत नाही. उफीत्सीत काय बघू?

हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न. दोन तासच द्या आणि आधीच सात-आठ चित्रं ठरवून ठेवा.

सुरुवात वरच्या मजल्यावर होते. पहिल्याच दालनात चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो या तिघांच्या तीन भव्य मेरीमाता आहेत. तिन्ही सोनेरी पार्श्वभूमीच्या, तिन्ही साधारण १२८० ते १३१० मधल्या. जोत्तोच्या मेरीचे गुडघे बघा. वस्त्राखाली खरं शरीर आहे, तिला वजन आहे, ती आसनावर बसलेली आहे. बाकीच्या दोन जणी तरंगतात. पुढच्या दोनशे वर्षांत या शहरात जे घडलं त्याची सुरुवात त्या गुडघ्यांत दिसते, आणि त्यासाठी कलेचा इतिहास शिकलेला असावा लागत नाही.

मग उर्बीनोच्या ड्यूक-डचेसची एकमेकांकडे बघणारी चित्रं, बॉतिचेल्लीची 'वसंत' आणि 'व्हीनसचा जन्म', लिओनार्दोचं तरुणपणीचं देवदूत-संदेशाचं चित्र, मायकेलअँजेलोचं गोल चित्र, खाली काराव्हाज्योची मेड्युसा आणि आर्तेमिझियाची ज्युडिथ. ज्युडिथसमोर थोडं थांबा: गळा कापणाऱ्या दोघींच्या बाह्या वर सरकवलेल्या आहेत, काम करताना सरकवतात तशा.

हा सगळा खजिना शहरात राहिला तो मेदिची घराण्याच्या शेवटच्या वारसदार आन्ना मारिया लुइझा यांच्यामुळे. १७३७ च्या करारात त्यांनी अट घातली की घराण्याच्या संग्रहातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. दुसऱ्या महायुद्धात ही चित्रं आसपासच्या गढ्यांमध्ये लपवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात मोंतेगुफोनीच्या गढीत ती आठव्या भारतीय डिव्हिजनच्या सैनिकांना सापडली. 'वसंत' त्यांतच होतं.

मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याची प्रतिकृती चौकात फुकट दिसते. मूळ बघायची गरज आहे?

आहे. चौकातली १९१० ची प्रत उंचीने तीच, पण तिच्याभोवती गर्दी, कबुतरं आणि राजवाड्याची भलीमोठी भिंत. अकादेमियात ५ मीटरहून उंच तो संगमरवर वरून पडणाऱ्या उजेडात उभा आहे आणि सभोवार फिरता येतं. उजव्या हाताच्या शिरा बघायला विसरू नका. त्याच्याकडे जाणाऱ्या मार्गिकेत मायकेलअँजेलोचे अर्धवट कोरलेले बंदिवान आहेत. खरं सांगायचं तर मला तेच जास्त धरून ठेवतात. तासाभरात सगळं आटोपतं.

सत्तरीचे आई-बाबा सोबत आहेत. झेपेल का?

झेपेल, पण सकाळ त्यांच्या वेगाने आखा. उफीत्सीत लिफ्ट आहे, अकादेमियात मुख्य भाग तळमजल्यावरच आहे. दगडी रस्त्यावर चपला नकोत, चांगले बूट हवेत. बसायला बाकं कमी आहेत. चर्चमध्ये जाऊन बसणं हा उत्तम उपाय. पियात्साले मिकेलांजेलोच्या टेकडीवर बसने जा. तिथून थोडं वर सान मिन्यातोचं चर्च आहे, प्रवेश फुकट, संध्याकाळी तिथले भिक्षू लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणतात. खालच्या गर्दीपेक्षा आई-बाबांना हे आवडेल.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

चांगलं होतं, आणि पिझ्झा-पास्त्यावर दिवस काढायची गरज नाही. या प्रदेशाचं जुनं जेवण गरीब शेतकऱ्याचं: शिळा पाव, चवळीसारखे पांढरे घेवडे, पालेभाजी, ऑलिव्ह तेल. 'रिबोल्लीता' म्हणजे काळी कोबी, घेवडा आणि शिळ्या पावाचं घट्ट सूप. 'पाप्पा आल पोमोदोरो' टोमॅटो आणि पावाचं. उन्हाळ्यात 'पान्झानेल्ला' मिळतं: भिजवलेला पाव, काकडी, कांदा, टोमॅटो. आपल्या फोडणीच्या पोळीला लागणारी अक्कल इथेही आहे. बटाट्याचं सारण भरलेले 'तोर्तेल्ली' लोणी आणि सेजच्या पानांत मागवा, नाहीतर मांसाच्या खिम्यात येतील. इथला पाव अळणी असतो. तो बिघडलेला नसतो.

आता सापळे. सूपात मांसाचा रस्सा असू शकतो. 'क्रोस्तीनी नेरी' ही तपकिरी चटणी दिसते, ती कोंबडीच्या काळजाची असते. काहींच्या लेखी हॅम म्हणजे मांस नव्हेच, त्यामुळे नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही; "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा प्रोश्युत्तो" असं सगळं सांगा. रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्यांसमोर रांग दिसली म्हणून उभे राहू नका: 'लाम्प्रेदोत्तो' म्हणजे गाईचं जठर. इथलं प्रसिद्ध स्टेकही गाईचंच. पार्मेझान चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातल्या रसाने, विरजतात, कडक शाकाहारी असाल तर तेही टाळा. तिरामिसूत कच्चं अंडं असतं.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी एक शब्द कामाचा: पास्ता "इन ब्यांको", म्हणजे फक्त तेल किंवा लोणी. लहान मुलांसाठी सगळीकडे करून देतात. सोबत भाजलेल्या भाज्या आणि फळं. खोलीत स्वयंपाकघर असेल तर मेतकूट-पोह्यांची पिशवी फार आधार देते.

रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, त्यामुळे टीप सक्तीची नाही. कॉफी काउंटरवर उभ्याने स्वस्त, टेबलावर महाग. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

फ्लॉरेन्समध्ये कोल्हापूरच्या महाराजांचं स्मारक आहे म्हणतात, ते कुठे?

आहे, आणि मराठी माणसाने अर्धा दिवस काढून जावं असं आहे. हे शिवरायांचे पुत्र राजाराम नव्हेत. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, राजर्षी शाहूंच्या आधीच्या काळातले. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले. राज्यावर असताना विलायत गाठणाऱ्या पहिल्या काही भारतीय राजांपैकी ते एक. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, प्रवासाची रोजनिशीही त्यांनी लिहिली आणि ती पुढे छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. वय अवघं वीस.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहनाची प्रथा तिथे नव्हती, तरी खास परवानगी मिळाली. संगमाचं पाणी हवं म्हणून शहराबाहेर जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते ती जागा निवडली आणि रात्री चितेला अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, तो इंग्रज शिल्पकार फुलर यांचा. चौथऱ्यावर चार भाषांत मजकूर कोरला आहे. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा बघितला असेल तर हे हात ओळखीचे वाटतील, तोही त्यांचाच. स्थानिक लोक या जागेला नुसतं 'लिंद्यानो' म्हणजे 'तो भारतीय' म्हणतात, आणि शेजारचा १९७८ चा केबलचा पूलही त्याच नावाने ओळखला जातो.

जायचं असं: कॅशिने उद्यान शहराच्या पश्चिमेला नदीकाठाने तीन किलोमीटरहून लांब पसरलंय, छत्री त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. ट्रामने कॅशिनेला उतरून झाडीतून चालत गेलं तर पाऊण तास. भाड्याची सायकल अधिक बरी. सकाळी जा. अंधार पडल्यावर उद्यान निर्मनुष्य असतं आणि तेव्हा तिथे थांबू नये. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो, दोन्ही एकत्र जमतं.

पोन्ते वेक्योवर खरेदी करावी का?

बघावी, करू नये. १३४५ च्या या पुलावर आधी खाटकांची दुकानं होती. १५९३ मध्ये मेदिची घराण्यातल्या फेर्दिनांदो या राज्यकर्त्याने दुर्गंधीमुळे त्यांना हाकललं आणि सोनारांना बसवलं, कारण वरून जाणारा, वसारी या वास्तुकाराने बांधलेला छप्पर-भिंतींचा रस्ता त्याच्या घराण्याचाच होता. हा रस्ता आता २०२४ च्या डिसेंबरपासून पुन्हा खुला आहे, पण त्याचं तिकीट उफीत्सीसोबत वेगळं काढावं लागतं. सोनं आपल्याकडून घेतलेलं बरं. चामड्याचं घ्यायचं असेल तर सान लोरेन्झोच्या रांगेतल्या गाड्यांपेक्षा ओल्त्रार्नोतल्या कारागिराकडे जा. महाग पडेल, पण शिवण दाखवून बोलेल. फुटपाथवरच्या नकली ब्रँडच्या बॅगा घेऊ नका. इटलीत घेणाऱ्यालाही दंड होतो.

पैसे, चोऱ्या, कपडे?

कार्ड सगळीकडे चालतं, सुट्टे पन्नासेक युरो जवळ ठेवा. मशीन रुपयांत की युरोत विचारेल, नेहमी युरो निवडा. स्टेशनवर तिकीट यंत्रापाशी "मदत" करायला येणाऱ्यांना हात जोडा आणि सरका. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. ओढणी असली की काम भागतं. चर्चच्या पायऱ्यांवर, फुटपाथवर बसून डबा उघडू नका, काही रस्त्यांवर त्यालाही दंड आहे.

पिसा एका दिवसात होईल?

अर्ध्या दिवसात. प्रादेशिक रेल्वेने तासभर, मनोरा आणि चर्च बघून परत. त्याच दिवशी लुक्का हे शहर जोडता येतं, आणि दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर मी लुक्का निवडेन: शहराची तटबंदी अख्खी उभी आहे, वर झाडं आहेत आणि सायकल चालवता येते. सिएनाला मात्र रेल्वेपेक्षा बस बरी. ती फ्लॉरेन्सच्या स्टेशनाशेजारून सुटते आणि जुन्या शहराच्या जवळ सोडते. रेल्वे स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी आहे.